मागचा गाडा

बुलावायो, ४ ऑगस्ट १९९४
रेल्वेच्या जुन्या शेडमध्ये आता इंजिनांचे प्रदर्शन मांडायचे आहे. तिथे माहितीच्या पाट्या लिहिण्याचे काम मिळाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात मी थकते आणि लेक सिन्दिसो चिडते. त्यापेक्षा हे बरे. फोरमन एल्फासने गॅरेट इंजिने दाखवली. मधोमध बॉयलर टांगलेला, पुढे चाकांचा एक गाडा, मागे एक, दोन्हीकडे सांधे. म्हणून एवढे धूड वळणावर वाकते. मला माहेरच्या आडनावाने हाक मारत म्हणाला, माग्वेबू, हे दोन्ही दिशांनी पळतं, पण तुझ्यासारखी मास्तरीण समोर आली तर कुठल्याच नाही. हसले. बऱ्याच दिवसांनी.

६ ऑगस्ट
जोतामोचे इंजिन पाहिले. जोतामो, माझा नवरा, त्यावर फायरमन होता. ह्वांगेच्या वाटेवर मागच्या सांध्याला तेल द्यायला उतरला, इंजिन सरकले, सांध्यात चिरडला. माझ्या दिराने रीतीप्रमाणे काटेरी फांदी इंजिनाला टेकवून त्याचा आत्मा घरी आणला होता. आज तिथे उभी राहिले. काहीच वाटले नाही. पाटी लिहिली. ओळी सरळ आल्या.

११ ऑगस्ट
एल्फास सहज बोलून गेला. वर्कशॉपमध्ये गाडे सुटे करतात आणि हाताशी असेल तो गाडा दुसऱ्या इंजिनाला जोडतात. नंबर राहतो बॉयलरवर. जोतामोच्या इंजिनाचा मागचा गाडा अपघातानंतर लगेच काढला. तो शेडपलीकडे गवतात गंजतोय.
म्हणजे दिराने नंबर पाहिला आणि फांदी भलत्याच लोखंडाला टेकवली. रेल्वेतली माणसे आम्ही, नंबरावर विश्वास.
म्हणजे घर राखायला बापाचा आत्मा घरात आलाच नाही. म्हणूनच सिन्दिसोची दोन मुले पोटातच गेली. तिसऱ्याचे दिवस भरत आलेत.

१४ ऑगस्ट
फांदी न्यायची ती पुरुषाने. दीर आता हयात नाही, म्हणून मीच जाईन. नाव घेऊन बोलवायचे, मग घरात शिरेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. बोलले की मागे येणारा आत्मा तिथेच राहून जातो. एल्फास म्हणाला, आई, नको जाऊस, तो गाडा आधी दुसऱ्या इंजिनांखाली होता, तिथेही माणसं... मी म्हटले, तू आपले बोल्ट मोज. पुढचे ऐकले नाही.

१५ ऑगस्ट, दुपार
ऊन कडक, लोखंड गार. गवतातल्या गाड्याला फांदी टेकवली. जोतामो, चल घरी. फांदी जड झाली. मग आणखी जड — मग आणखी —
बसमध्ये आहे. बोलता येत नाही म्हणून लिहिते. त्याच्यासाठी शेजारची जागा घेतली. कंडक्टरने चेष्टा केली, आजी, फांदीला खिडकी हवी का? मग त्याचे हसू गेले. मागे वळून ओरडला, दाराशी गर्दी करू नका. दाराशी कोणी नव्हते.

घराच्या फाटकाशी
हात भरून आलाय. मागे पावले. एकाची नव्हेत. बोलले तर सगळे इथेच राहतील — जोतामोही. गप्प राहिले तर सगळे आत —
सिन्दिसो दारात. पोटावर हात. फांदी पाहून म्हणाली, या बाबा, आत या.
मागून आलो, आलो — कितीतरी गळे — त्यात त्याचाही —
जोतामो, माझा नाइलाज आहे. मौन मोडून मी तिला हाक मारते —