ठिपकीचं वासरू

प्रिय बेनातदादा,

परवा माझ्या वासरांना तापल्या सळईने मालकीचे डाग द्यायचे होते. रिवाजाप्रमाणे सगळे शेजारी दोर घेऊन आले, तू मात्र जावयाला, कोलला पाठवलंस.

कुंपणात तुझा ताजा डाग असलेलं एक वासरू थेट माझ्या ठिपकीला लुचू लागलं. शेजारचा म्हातारा ऑर्विल म्हणाला, "मायते, गाईला डाग वाचता येत नाही गं. तिला आपलं पोर तेवढं कळतं."

कोल हसला. "आईवेगळं असेल, आत्या. तुमची गाय मायाळू दिसते."

"ठिपकी मायाळू? गेल्या वर्षी तुलाच लाथ घातली होती तिने."

हे कोलचंच काम, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण आज सकाळी तो डाग जवळून पाहिला. डावीकडे खोल, उजवीकडे पुसट. दोरात अडकून अंगठा तुटल्यापासून तुझी सळई अशीच टेकते. त्याच हातात माझा हात धरून तू मला पहिला डाग द्यायला शिकवलं होतंस.

सोमवारी डाग तपासणारे साहेब येतील. मी सांगेन, माझी ठिपकी परक्या पोरांनाही पाजते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी खोटं बोलायची सवयच लागू दिली नाही, त्यामुळे ते मला जमेल की नाही, कोण जाणे.

हे पत्र पाठवलं तर तू सावध होशील, म्हणून पाठवत नाही. नुसता निरोप धाडीन, की पुढच्या वर्षी डाग द्यायला तूच ये. मला तुझ्या हाताकडे बघत उभं राहायचं आहे.

तुझीच,
मायते