इंदुताईंनी कापलेला वेल

ती. आईला करिष्माचा कुरुळीहून नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत, काळजी करू नकोस. पण माझं डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले.

दाराजवळ रंगाच्या बादलीत मी चवळी लावली होती. एवढ्या उन्हातही वेल दोरीवरून गच्चीपर्यंत चढला. हातभर लांब शेंगा लोंबत होत्या. घरमालकीण इंदुताई रोज न विचारता तोडून न्यायच्या. परवा म्हटलं, "ताई, मागा की, मीच देईन."

"माझ्याच भिंतीवरचं मी मागू व्हय?"

काल कंपनीतून आले, तर वेल बुडापासून कापलेला! विचारलं, तर म्हणाल्या, "भिंत खराब व्हत हुती." ह्यांना सांगितलं, तर हे म्हणतात, "गप्प बस. दुसरी खोली कुठं मिळणार?" मला ह्यांचाही राग आला.

शेंगा सुकायच्या आत खुडल्या. लसणाची फोडणी, वरून शेंगदाण्याचं कूट, अगदी तुझ्यासारखी भाजी केली. चाळीत घरोघरी वाटी दिली आणि प्रत्येक दारात मोठ्यानं सांगितलं, वेल कुणी कापला ते. इंदुताई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांना वाटी दिली नाही.

आज त्या म्हणाल्या, "खोली सोड."

"सोडते," म्हटलं.

तू घाबरू नकोस. गुडघ्याला तेल लावतेस ना? दादा औषध वेळेवर आणतो का?

हे तोंड पाडून खोली शोधायला गेलेत. गच्ची असलेलीच बघा, असं बजावून पाठवलंय.

तुझी, अजून रागातच असलेली,
करिष्मा