थांबणारा सुरुंग

१० एप्रिल
मुरबाडहून एसटीने टोकावड्याला उतरलो. सोबत दोन कोऱ्या वह्या, ही रोजनिशी आणि सुरुंगांच्या इतिहासावरची दहा किलो पुस्तकं. न्यायला धर्मादादा आले होते. सैन्यात सुरुंग पेरण्या-उचलण्याच्या कामावर होते, हवालदार. डावा पाय गुडघ्याखाली नकली, तरी पाड्यापर्यंतच्या दोन किलोमीटरांत माझ्या पुढेच होते. धापा मीच टाकत होतो.

मी ओमकार, कवी, मुक्काम डोंबिवली. ‘पाय’ ही माझी सुरुंगावरची कविता चार लाख लोकांनी मोबाइलवर ऐकली. त्या जोरावर एका संस्थेने सुरुंगांच्या इतिहासावर दीर्घकविता लिहायला शिष्यवृत्ती दिली. खरा सुरुंग मी कधी पाहिलेला नाही. निदान खरा माणूस तरी पाहावा म्हणून दोन महिने धर्मादादांकडे खोली घेतली आहे.

खिडकीतून त्यांचं भातशेत दिसतं, आणि मागे माळशेजचे डोंगर. दादांच्या बायकोने, सुंदरावहिनींनी, नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. जेवताना दादांनी पाय काढून पडवीतल्या खुंटीला लावला, आपण टोपी लावतो तसा. मी टक लावून पाहत होतो. वहिनी म्हणाल्या, भाऊ, जेवा, तो नाय पळून जात. फार दिवसांनी इतका हसलो.

१२ एप्रिल
दादा रोज सकाळी एक लोखंडी सळई घेऊन शेतात बसतात. ती तिरकी धरून जमिनीत हळूच खुपसायची, काढायची, वीतभर पुढे सरकायचं. बांधावरून घरापर्यंतच्या वाटेला चुना लावलेले पांढरे दगड आहेत. वीस वर्षं हे चाललंय. पाड्यातले लोक म्हणतात, हवालदार शेताला इंजेक्शन देतो.

आज विचारलं तेव्हा सांगितलं. दोन हजार एकच्या डिसेंबरात सरहद्दीवर त्यांच्या तुकडीने सुरुंग पेरले. कुठल्या रांगेत कितवा, खुंटीपासून किती पावलं, सगळं वहीत. पुढल्या वर्षी उचलायला गेले तर वहीतलं एक पान नव्हतं. कुणीतरी तंबाखूची पुडी बांधायला फाडलं होतं. त्या पानावरचा सुरुंग आधी जगनला सापडला. जगन दादांचा जोडीदार. त्याला ओढायला दादा धावले, तेव्हा त्यांना दुसरा सापडला. वही जाळा नायतर फाडा, म्हणाले, सुरुंग जाग्यावरच ऱ्हातो. जातो तो फक्त आपला रस्ता.

हे मी लगेच टिपून घेतलं. ओळ म्हणून चांगली आहे.

१४ एप्रिल
दोघांना ‘पाय’ म्हणून दाखवली. शेवट असा:

खट्ट वाजलं.
तो थांबला. सुरुंगही थांबला.
दोघांनी एकमेकांची वाट पाहिली,
आणि मग त्याने पाय उचलला.

इथे सभागृहात टाळ्या पडतात. दादा मान हलवत म्हणाले, नाय रे, असा सुरुंग नसतो. हे पिक्चरातलं. खरा सुरुंग थांबत नाय, खट्ट ऐकायला तू ऱ्हातच नायस. वहिनींनी विचारलं, मग पुढं काय झालं त्याचं? म्हटलं, कविता तिथे संपते. त्या म्हणाल्या, तुमची संपली, त्याच्या बायकोची कशी संपंल?

मला राग आला. खोटं का बोलू? कवितेला काय सळई लावून तपासायचं असतं? रागाच्या भरात ठरवलं, दीर्घकवितेतला प्रत्येक सुरुंग असाच थांबणारा असेल.

१६ एप्रिल
काल कंबोडियाचा भाग लिहिला, अकरा ओळी. तिथेही भातच. युद्ध संपलं, माणसं लावणीला चिखलात उतरली आणि पाय गमावून बसली. चांगला जमलाय.

आज सकाळी शेतात अकरा ठिकाणी माती उकरलेली दिसली, ताटलीएवढे गोल. दादांनी सगळीकडे सळई घातली, काही लागलं नाही. उंदीर असतील म्हणाले. वहिनींनी फावड्याने सगळं सारखं केलं.

अकरा. योगायोग असतात.

१८ एप्रिल
काल अफगाणिस्तान लिहिलं. आकाशातून टाकलेले फुलपाखरासारखे सुरुंग, पोरं खेळणं समजून उचलायची. नऊ ओळी.

सकाळी नऊ गोल. वहिनी तक्रार करत पुन्हा फावडं घेऊन गेल्या. त्यांना राब भाजायचाय. रोपं टाकण्याआधी वाफ्यावर सुका पाला, शेण, गवत अंथरून जाळतात, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. बाकी पाड्याचे राब भाजून झालेत.

मी सहज पावलं मोजली. पहिल्या ओळीत पाच शब्द, पहिला गोल बांधापासून पाच पावलांवर. दुसरीत आठ शब्द, दुसरा आठ पावलांवर. पुढचे मोजले नाहीत. हिंमत झाली नाही.

१९ एप्रिल
भर दुपारी, लख्ख उन्हात, खिडकीशी बसून मुद्दाम एक ओळ लिहिली. सहा शब्द. मग शेताकडे पाहत राहिलो.

सहाव्या पावलावर माती आतून वर आली. जवळ कुणी नव्हतं. तव्यावर भाकरी फुगते तशी फुगली आणि खाली बसली.

मला भीती वाटतेय. हे लिहायला लाज वाटते, पण वाटतेय.

२० एप्रिल
वही फाडली. पान न् पान चुलीत घातलं. वाईट कविता मी नेहमीच फाडतो, फाडली की ती नसते. आजवर तरी नसायची.

मग दादांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. इतकंच म्हणाले, नोंद होती, आनि तू जाळलीस?

त्यांची गोष्ट मी टिपून घेतली होती. ऐकली नव्हती.

२१ एप्रिल
दादा दिवसभर सळई घेऊन उन्हात. काहीच लागत नाही. म्हणाले, मला नाय लागणार, माझा नाय तो. मला बांधावर बसवून एकेक ओळ आठवायला लावली. एकवीसपैकी तेरा आठवल्या. त्या तेरा जागांवर चुना लावलेले दगड ठेवले.

आठ राहिल्या.

२३ एप्रिल
दादांचा पाय जिथे तुटलाय तिथे सुजलाय. शहापूरच्या दवाखान्यात गेलेत, उद्या चारच्या गाडीने येतील. मी येईपर्यंत शेतात कुनी उतरायचं नाय, असं वहिनींना बजावून गेले. का ते सांगितलं नाही. मला म्हणाले, तूच सांग, तुझं हाय ते.

मी सांगितलं नाही. कसं सांगणार? चहा घेतला आणि खोलीत आलो.

आणखी एक ओळ आठवली. सात राहिल्या.

२४ एप्रिल, सकाळ
आभाळ आलंय. अवकाळी पाऊस पडला तर राबाचा पाला भिजेल, वहिनींचा जीव वरखाली होतोय. रेंजसाठी टेकाडावर जाऊन दादांना फोन लावतो. परत आल्यावर सांगतोच. आज नक्की.

२४ एप्रिल, साडेबारा
फोन लागला नाही. परत आलो तर वहिनी शेताच्या मधोमध उभ्या. डोक्यावर पाल्याचा भारा. हलत नाहीत. मला पाहून हळू आवाजात म्हणाल्या, भाऊ, पायाखाली खट्ट वाजलं.

असा सुरुंग नसतो. दादा म्हणाले होते, असा नसतो. असा फक्त माझा असतो.

पाऊण
हाक मारता येत नाही. मारली तर पाड्यातली माणसं शेतातून धावत येतील.

ओळी पुटपुटत, दगड चुकवत गेलो. जिथे ओळ आठवली नाही तिथे डोळे मिटून पाऊल टाकलं. पोचलो. त्यांच्या पायाशी बसलोय, माझा हात त्यांच्या पावलावर, दाबून. ही रोजनिशी आणि उरलेली कोरी वही गुडघ्यावर. सगळं सांगितलं. त्या समोरचे पांढरे दगड मोजायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाराही उतरवता येत नाही. वजन कमी होईल —

एक वाजून दहा
कवितेत सुटका नाही. मीच ठेवली नव्हती. तो पाय उचलतो, टाळ्या पडतात. दुसरा शेवट लिहिला तर —

लिहिला. कोऱ्या वहीत, असा काहीसा: ‘कुणीतरी आलं आणि त्याला सोडवलं.’

माती फुगली. आमच्या आणि बांधाच्या मधे. दादा जिथून येतील तिथेच.

आता ओळ लिहायची नाही. फक्त हे. हे कविता नाही. हे कविता नाही.

दीड
माती शांत आहे. थेंब पडायला लागलेत. पाला भिजतोय, भारा जड होतोय. वहिनी म्हणाल्या, जड झाला तर बरंच ना? मी हो म्हणालो. त्यांची मान थरथरतेय.

चारला गाडी. अडीच तास. दादा आले की बांधावरूनच ओरडायचं, पाच पावलांवर —

पावणेदोन
पाच की सहा? किती शब्द होते? मघाची ओळ त्या वहीत खोडून टाकली, आता वाचता येत नाही. का खोडली मी? पुन्हा —

वहिनी विचारताहेत, तुमच्या कवितेत तो किती वेळ उभा ऱ्हायला. मी लिहिलंच नव्हतं. किती वेळ ते मी —

भाऊ, म्हणतात, पायाला मुंग्या आल्या, जरा