मांडीवरची टोपी

रविवार, १२ ऑक्टोबर. डून लेरी, आयर्लंड

सुतकात पूजाही नाही, आज सकाळपासून घरात बसवेना. डब्लिनला जाऊन चित्रं बघत हिंडलो. एका चित्रापुढे पाय थांबले. लढाई हरलेला सरदार, पाचशे वर्षांपूर्वी इटलीत काढलेला. टोपी मांडीवर, डोकं बोडकं. चित्रकाराला ती टोपी डोक्यावर चढवता आली नसती का?

आबा सरपंचकीची निवडणूक हरले, त्या दिवशी त्यांनी फेटा उतरवला. पुन्हा बांधलाच नाही. माझ्याकडे इथे आले ते उघड्या डोक्याने, आणि मागच्या आठवड्यात गेले तेही तसेच.

तेराव्याला गावच्या घरी त्यांचा फोटो लावायचा आहे. दुपारी धाकट्याचा फोन आला.

"दादा, फेट्यातलाच पाठव. गाव हसंल रे."

"हरल्यावर त्यांनी फेटा घातला नाही, बाळू."

"म्हणून मेल्यावरही हरलेलेच दाखवायचे?"

फोन ठेवला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो. बोडक्या डोक्याच्या त्या सरदाराची नजर खाली नव्हती. इथल्या बंदराच्या धक्क्यावर मी काढलेल्या फोटोत आबांचीही नाही, ते सरळ माझ्याकडे बघताहेत. फेट्यातल्या फोटोत ते गर्दीकडे बघतात.

आबांसाठी दिवा लावला आणि बाळूला धक्क्यावरचा फोटो पाठवून दिला.