मोटारीपुढचा चोपदार

देवास, आश्विन वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप गोपाळराव दाजींचे चरणी संताजीचा दंडवत. तुमच्या गुडघ्याला आता आराम पडला असेल. अक्काला म्हणावे, तुझा भाऊ धडधाकट आहे, फक्त नोकरीवर नाही. धारला माझ्याविषयी जे काही तुमच्या कानावर आले असेल त्यातले निम्मे खोटे आहे. उरलेले निम्मे मी केले आणि पुन्हा करीन.

आमच्या सरदार तात्यासाहेबांनी मोटार घेतली, हे तुम्ही जाणताच. धावत्या मोटारीपुढे चोपदार काय करणार, म्हणून कारभारी दत्तोपंतांनी माझी जागा मोडली. पण जागा मोडली तरी माणूस उपाशी मरू नये, असा त्या घरचा जुना शिरस्ता आहे. बिनकसूर गेलेल्याला दुसरी चाकरी मिळेपर्यंत कोठीतून शिधा मिळतो (गहू, डाळ, आणि सणावारी तूपसुद्धा). कसूर करून गेला त्याला मात्र दाणा नाही. मी बिनकसूर जात होतो. दसऱ्याची स्वारी तेवढी शेवटची राहिली होती.

स्वारीत मी मोटारीपुढे चांदीची काठी घेऊन चाललो, चोपदाराने चालावे तसा, म्हणजे सावकाश. (आमचे बाबा सांगत, चोपदार पळू लागला तर लोकांना वाटेल धन्याच्या मागे सावकार लागला.) मागे ते यंत्र तापून गुरगुरत होते. मोटार हाकणारा मांगीलाल दोनदा म्हणाला, "भिया, जरा बाजू में हुई जाओ, इंजन गरम हुई रियो है." मी मान वळवली नाही. चौकात ललकारी सुरू केली, आणि ऐन धन्याच्या नावावर आलो तोच पाठीमागून भोंगा वाजला. आता दाजी, तुम्हीच न्याय करा. ललकारी चालू असता जो आवाज करील त्याला गप्प करणे, हेच तर चोपदाराचे काम. मग तो बैल असो, बँडवाला असो, नाहीतर व्याही असो. मी वळलो आणि काठीचा एकच तडाखा भोंग्यावर दिला. भोंगा गप्प झाला, तो अजून गप्प आहे. तात्यासाहेब हौसेने पुढे बसले होते आणि भोंगा त्यांनीच दाबला होता, हे मला नंतर दिसले.

दत्तोपंतांनी ह्याला गैरवर्तन ठरवले आणि शिधा बंद केला. वर म्हणाले, माफी मागा, चालू करतो. मी सांगितले, "पंत, मी स्वारीचा मान राखला. माफी भोंग्याने मागावी." ते हसले नाहीत. तेव्हापासून घरची मंडळी माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी वाढतात, पण ती दिवसेंदिवस पातळ होत चालली आहे. मला राग येतो, आणि तुमच्यापासून काय लपवायचे, रात्री भीतीही वाटते. तरी संताजी वाकणार नाही, हे चारचौघांत खुशाल सांगावे.

पोरांना आशीर्वाद, अक्काला नमस्कार.

आपला,
संताजी चोपदार (जागा मोडली, नाव मोडलेले नाही)

ता. क. धारला कोणा सरदाराकडे अजून पालखी किंवा बग्गी असेल तर माझ्यासाठी शब्द टाकावा. मोटारवाला नको.

ता. क. दुसरा. अक्का दिवाळीला माहेरी येणार आणि कणगीत गहू नाहीत. तुमचे अक्षर वळणदार, भाषा मऊ. तेव्हा माझ्या नावाने दत्तोपंतांना माफीचा एक अर्ज लिहून धनत्रयोदशीच्या आत माझ्याकडे पाठवावा. आत काय लिहिले ते मला कळवू नये. मी न वाचता सही करीन.