यारेलीच्या नावानं

याकिमा खोरं,
रविवार, ५ नोव्हेंबर २००६

प्रिय आईस,

लेकीचा नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, तुझंही बरं चाललं असेल अशी आशा करते. गुडघा कसा आहे? परवा मृतांच्या दिवशी बाबांच्या थडग्यावर तू झेंडू वाहिला असशील. मी इथं कपाटावर त्यांचा फोटो मांडला, पुढं कॉफी ठेवली, पाव ठेवला. पाव दुकानातला, दगडासारखा. बाबांनी नाक मुरडलं असेल.

पाकिटावर यारेलीच्या जागी माझं नाव बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस. पोरगी धडधाकट आहे, उंची माझ्या खांद्याला लागलीय आणि तोंड माझ्यापेक्षा मोठं झालंय.

सफरचंदांचा हंगाम संपत आला. तुझा जावई फिदेन्सियो बागेत शिडीवर असतो, मी शेडमध्ये पट्ट्यापाशी. फळं सरकत येतात, डागाळलेली बाजूला काढायची. यंदा गारा पडल्या, त्यामुळे डागाळलेलीच फार. हात आपोआप चालतात... बघ, पान भरत आलं आणि मी अजून सफरचंदंच निवडतेय. तू समोर असतीस तर ओरडली असतीस, "नोएमी, मुद्द्याचं बोल!"

बोलते. पण आधी एक कर. हे पत्र नेहमीसारखं चायोला वाचायला देऊ नकोस. प्रौढ वर्गाच्या एल्विराबाईंनाही नको. तुझं तू वाच, कितीही दिवस लागू देत. मी मुद्दाम अक्षर मोठं काढतेय. फोनवर हे सांगता आलं नसतं. तू चेमाच्या दुकानात येऊन फोन घेतेस आणि मागं अर्धा गाव साखर घ्यायला उभा असतो.

सप्टेंबरात तुझं पत्र आलं ना, पहिलं, तू स्वतःच्या हातानं लिहिलेलं, ते पत्रपेटीतून मीच काढलं. वर यारेलीचं नाव. पेन्सिलीनं, कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं. तुझी पत्रं लिहून देणाऱ्या चायोचं अक्षर मला ठाऊक आहे, हे तिचं नव्हतं. मी रस्त्यातच रडायला लागले. शेजारीण म्हणाली, "काय गं, कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही गं, माझी आई लिहायला शिकली!" ती बघतच राहिली.

आनंदाच्या भरात मी पत्र यारेलीला दिलं. पहिल्या ओळी तेवढ्या मी तिच्या खांद्यावरून वाचल्या. "माझ्या सोन्या, हे मी लिहिलंय. बाईंनी एकाही अक्षराला हात लावलेला नाही. आईकडून वाचून घेऊ नकोस, तुझं तू वाच." झालं. मी तिथून मागं सरकले.

कारण आई, यारेलीला ते वाचता येत नव्हतं. तिला आपली स्पॅनिश भाषा वाचता येत नाही, लिहिता तर मुळीच येत नाही. बोलते तीही "दे", "नको", "भूक लागली" एवढीच. फोनवर ती "हो आजी", "बरी आहे आजी" याच्यापुढं जात नाही, आणि तू म्हणतेस पोर लाजाळू आहे. लाजाळू कसली! एक नंबरची बडबडी आहे, पण इंग्रजीत. एवढ्या वर्षांत मला ते समजायला लागलंय, म्हणून आमचं चालतं.

आणि तुला गेली तीन वर्षं येणारी पत्रं मी लिहीत होते. दात पडल्याचं, पांढऱ्या कुत्र्याचं, बर्फात घसरल्याचं, सगळी मी. डाव्या हातानं लिहायचे, म्हणजे अक्षर पोराचं वाटावं. रेघ वाकडी गेली की मला आनंद व्हायचा.

लिहून टाकलं एकदाचं. जरा थांबते. पाणी पिऊन येते.

हे असं का झालं तेही सांगते, म्हणजे तू फिदेन्सियोला शिव्या देणार नाहीस. यात त्याचा काही दोष नाही. यारेलीचं शाळेत नाव घालायला गेले तेव्हा एक कागद भरायला दिला. त्यावर विचारलं होतं, घरात कोणती भाषा बोलता? यारेलीची धर्ममाता लेतिसिया सोबत होती. तिनं कोपर मारलं. "इंग्रजी लिही. खरं लिहिलंस तर नव्यानं आलेल्या पोरांच्या खोलीत टाकतात, मग मूल मागंच राहतं. माझ्या थोरल्याचं तेच झालं. बस मग तूही जन्मभर सफरचंदं निवडत, तीही निवडेल." मी लिहिलं, इंग्रजी. आई, मला तेव्हा इंग्रजीत "थँक यू" आणि "टॉयलेट कुठंय" एवढंच येत होतं! आमच्या घरात इंग्रजी बोलायचा फक्त टीव्ही.

या शाळेत दोन्ही भाषांचा वर्ग आहे. सकाळी स्पॅनिश, दुपारी इंग्रजी. पण ज्यांच्या कागदावर घरची भाषा इंग्रजी, त्यांच्या आईबापांना तिथून कोणी बोलावलंच नाही. मीही विचारलं नाही. उलट पोरगी घरी येऊन भराभर इंग्रजी बोलायला लागली तेव्हा मी फुशारकी मारत हिंडले. मला वाटलं, आपली भाषा काय, घरात असतेच, मिठासारखी. ती कुठं जाणार? ती गेली आई. माझ्या डोळ्यांदेखत गेली आणि मला कळलंही नाही.

तर तुझं पत्र घेऊन यारेली खोलीत गेली. दार लावलं. मी फडकं हातात घेऊन बाहेर उभी. "वाचून देऊ का?" म्हटलं तर आतून आवाज आला, "आजी नको म्हणालीय." दुसऱ्या दिवशी तिनं ते शाळेत नेलं. मारिक्रूस नावाची मुलगी आहे, ऑगस्टात आपल्याकडच्या हालिस्कोहून आलेली. तिनं मधल्या सुट्टीत ते वाचलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत हिला समजावलं.

मी कामावरून आले तर यारेली पायऱ्यांवर बसलेली. बूटसुद्धा काढले नव्हते.

"मम्मी, आजी म्हणते माझं दात पडल्याचं पत्र तिनं उशीखाली ठेवलंय. मी कधी लिहिलं ते?"

मी म्हटलं, "मी लिहिलं. तुझ्या वतीनं."

"आजी म्हणते, सहा वर्षांची नात लिहिते आणि मला वाचता येत नाही याची लाज वाटली, म्हणून ती शाळेत जायला लागली. माझ्यासाठी." ती बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होती. "पण मी तर काहीच केलं नाही. मग आजीचं प्रेम माझ्यावर आहे की तुझ्यावर?"

मी म्हटलं, "बूट काढ आधी." काय ही आई! त्या दिवशी ती जेवली नाही, आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. दोन्ही भाषांत.

मग मी शेडमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि शाळेत गेले. दोन भाषांच्या वर्गाच्या ओरोस्कोबाई भेटल्या. याच खोऱ्यातल्या, बागेत काम करणाऱ्यांची मुलगी. त्यांनी जुना कागद काढला, वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "नोएमीबाई, इथं तुम्ही लिहिलंय की घरात इंग्रजी बोलतात."

मी मान ताठ करून म्हटलं, "येस."

त्या हसल्या, मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं. त्यांनी रुमाल दिला. म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या नाही. माझ्या आईनंही हेच लिहिलं होतं. मी आपली भाषा वाचायला विसाव्या वर्षी शिकले." मग कामाचं बोलल्या. यारेली चौथीत आहे. तिला घ्यायला तयार आहेत, पण वाचनाला रोज सकाळी दुसरीच्या पोरांबरोबर बसावं लागेल, लहान खुर्चीवर.

घरी सांगितलं तर यारेली उसळली. "त्या शेंबड्या पोरांत? मी मेले तरी बसणार नाही!" फिदेन्सियोनं तिचीच बाजू घेतली. "पोर इथली आहे. तिला तिकडची अक्षरं कशाला? आपण थोडेच परत जाणार आहोत?" बोलून गेला. हे वाक्य अकरा वर्षांत आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. तो उठून विनाकारण गाडी धुवायला गेला.

यारेलीनं हे ऐकलं. तिला काय समजलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवा कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आता खरं लिही." मी उजव्या हातानं लिहिलं.

आज सहा आठवडे झाले. गुडघे हनुवटीला लागतात अशा खुर्चीवर बसते. पहिल्याच दिवशी दुसरीतला एक पोर म्हणाला, "तू नापास झालीस का?" हिनं म्हटलं, "नाही, मला घाई आहे." ओरोस्कोबाईंनी हे मला फोन करून सांगितलं.

घाई कसली, ते आता सांगते. आई, यारेली तुझ्याकडं येतेय. लेतिसियाकडं इथं राहायची कागदपत्रं आहेत, ती नाताळाला गावी येणार आहे, तिच्याबरोबर पाठवतेय. सोळा डिसेंबरला पोचतील, जानेवारीच्या सुरुवातीला तीन राजांचा सण झाला की परततील. यारेली इथं जन्मली, तिला जाता येतं, परत येता येतं. मला एकच करता येतं, जाणं. मी तिकडं आले तर पुन्हा इकडं यायचा रस्ता नाही, हे तुला मी समजवायला नको.

ती आता बोट ठेवून वाचते. अडते, चिडते, पुन्हा सुरू करते. तू भराभर बोलू नकोस, आणि चुकली तर हसू नकोस. चायोला सांग, पोरीला "गोरी मॅडम" म्हणून चिडवायचं नाही. मिरचीही हळूच घाल. आणि एवढं मात्र नक्की ऐक. पत्रं लिहिणारी नात शोधू नकोस. ती त्याच गोष्टीला घाबरलीय. काल रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, "आजीला ती दुसरी यारेली जास्त आवडली तर?" तुझं प्रौढ वर्गाचं पुस्तक काढ आणि तिला शेजारी घेऊन बस. तुमचं दोघींचं वाचन साधारण एकाच पानावर आहे.

तू रागावशील. रागाव. त्रेसष्टाव्या वर्षी तू त्या छोट्या बाकावर जाऊन बसलीस, ते एका थापेपायी. हे आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं. पण सगळीच थाप नव्हती आई. हे लिहायला मला एवढी पानं लागली.

मी गेले त्या दिवशी तू दारात उभी राहून म्हणालीस, "गेलीस तर तुला आई नाही असं समज." मीही उलट बोलले. काय बोलले ते दोघींना आठवतं. मग आठ वर्षं तू लिहिलं नाहीस, मी लिहिलं नाही. बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा कागद घेऊन बसले. "आई" लिहिलं आणि पुढं हात चालेना. मला माफी मागता येत नव्हती, आणि तू माफ करणार नाहीस याची खात्री होती. पण नातीवर कोण रागावणार? म्हणून पोरगी सहा वर्षांची झाल्यावर पेन डाव्या हातात घेतलं आणि वर लिहिलं, "प्रिय आजी." लगेच सगळं सुचायला लागलं. थांबवेना.

तुझं उत्तर आलं, चायोच्या अक्षरात, नातीला. ते मीच वाचलं, तिला दाखवलं नाही. मग तुम्ही दोघी लिहीत राहिलात, म्हणजे आपण दोघी. फोनवर तू विचारतेस, "पोरगी कशी आहे?" तू कशी आहेस, असं विचारत नाहीस. म्हणून मी पुढचं पत्र लिहायला घ्यायचे.

यारेली तुला कधी भेटलीच नव्हती गं. तुझ्या ओढणीला येणारा धुराचा वास तिला कुठून आठवणार? "आजी, माझे केस तुझ्यासारखे कोणीच विंचरत नाही", "आजी, मला तुझ्याजवळ झोपायचंय", "आजी, मला घरी ने", हे तिनं कसं लिहिलं असतं?

ती पत्रं तुझ्याजवळ आहेत. आता तुला वाचता येतं. एकदा सगळी काढून बस आणि जिथं जिथं "आजी" लिहिलंय, तिथं "आई" वाच.

तुझी,
नोएमी