दाराएवढे स्पीकर

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या फक्त कागदावर). तुमचा खोकला थांबला असेल. इकडे तुमचे बंधुराज खुशाल, आणि मी त्यांच्यामुळे आहे तशी.

निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात. ह्यांनी बैठकीच्या खोलीत दाराएवढे दोन स्पीकर घरीच बनवून उभे केले. (परवा मीटर वाचायला आलेला माणूस त्यातल्या एकातून बाहेर पडायला निघाला होता.) आत म्हणे नेहमीचा कागदी शंकू नसतो, भोकाभोकांच्या दोन पत्र्यांमध्ये कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा, त्याला हजारो व्होल्टची वीज, आणि तो थरथरला की गाणं. ती वीज धूळही ओढते, म्हणून माझ्या झाडूला तिथे बंदी! असे स्पीकर घडवणाऱ्या थोर मंडळींची चरित्रं मला रोज जेवताना ऐकावी लागतात. त्यांतले सर्वांत थोर म्हणजे ह्यांचे जुने साहेब, ज्यांना कारखान्यात 'पडदेवाले' म्हणत. तीस वर्षं हाताखाली राबून ह्यांना त्यांच्या तोंडून एकदाही 'बरं आहे' ऐकायला मिळालं नव्हतं.

ते साहेब रविवारी आले. वय ब्याऐंशी, कान मांजराचे. ह्यांनी सकाळपासून तीन शर्ट बदलले. साहेबांनी डोळे मिटून आख्खी रेकॉर्ड ऐकली. हे भिंतीला पाठ लावून उभे, निकालाला आल्यासारखे. मला अगदी दया आली हो. मग साहेबांनी वीज बंद करायला लावली, चौकटीवर टिचकी मारून कान लावला आणि विचारलं, "पडदा कोणी ताणला?"

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "हिने. हेअर ड्रायरने तापवून. माझा चार वेळा फाटला."

"आमच्या सहा कारागिरांना असा जमला नाही," म्हणत साहेबांनी मला चक्क नमस्कार केला. जाताना ह्यांच्या पाठीवर थाप मारली, "बाकीचं बरं आहे."

तेव्हापासून किराणावाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना कळलंय, की साहेब 'बरं आहे' म्हणाले. 'बाकीचं' तेवढं ह्यांनी गिळलंय. मीही गप्प आहे. इतकं हसताना ह्यांना मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

तुमची,
भावजय

ता. क. सासूबाईंच्या गाण्याची जुनी टेप तुमच्याकडे आहे ना? ह्यांना न सांगता पाठवा. आईचा आवाज असा समोर ऐकून फार बरं वाटेल त्यांना.

आणखी ता. क. खरं सांगते, टेप मलाच हवी आहे. कडवं संपल्यावर सासूबाई माझ्या स्वयंपाकाबद्दल काहीतरी पुटपुटतात. सत्तावीस वर्षं तुम्ही सगळे म्हणताय, कौतुकच केलं. आता शब्द न् शब्द कळेल.